निकाल लागला, आता पहिली ड्युटी: मराठवाड्यातल्या नव्या सिस्टर-ब्रदरसाठी

नर्सिंगच्या निकालानंतर महिना-दीड महिना आमच्या रुग्णालयात मेट्रनच्या, म्हणजे नर्सिंगप्रमुखांच्या, ऑफिसबाहेरचं बाकडं रोज भरलेलं असतं. कुणी गंगाखेडहून आलेली, कुणी भूमहून, कुणी पहाटेची एसटी धरून थेट किनवटहून. मांडीवर बटणाची प्लास्टिकची फाईल, शेजारी वडील नाहीतर भाऊ. आत बोलावलं की बहुतेक जणी एकच विचारतात, "मॅडम, जागा आहे का?"

पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका बाकड्यावर मीही बसले होते, आणि मीही हेच विचारलं होतं. आता इनचार्ज म्हणून मुलाखतीला मी टेबलाच्या या बाजूला बसते. जागा असते, हे आधीच सांगते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या खाजगी रुग्णालयांत स्टाफ सारखा बदलत असतो. तुम्ही स्वतःला विचारायचं ते वेगळंच आहे: या जागेवर दोन वर्षं काढली तर माझ्या हाताला काय येईल आणि फाईलमध्ये कोणता कागद पडेल? ही दोन उत्तरं धड मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी धरा. मिळाली नाहीत तर घराजवळची असली, ओळखीच्या डॉक्टरांची असली, तरी दोनदा विचार करा. पुढे जे लिहिते आहे ते सगळं याच हिशेबाने.

पायरी पहिली: रजिस्ट्रेशन

पास झालात म्हणजे नर्स झालात असं नाही. महाराष्ट्रात काम करायचं तर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ प्रमाणे मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी लागते. जीएनएमची (तीन वर्षांच्या नर्सिंग पदविकेची) परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी. नर्सिंगची पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं, पण नाव नोंदवायला दोघांनाही कौन्सिलकडेच जावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो. निकालाची प्रत हातात आली की त्याच आठवड्यात भरा. "आधी नोकरी मिळू दे, मग रजिस्ट्रेशन करू" म्हणणाऱ्या मुली मी बघते, आणि त्यांची चांगली संधी इथेच हुकते. नंबर नसेल तर नीट चालणारं रुग्णालय तुम्हाला स्टाफ नर्स म्हणून घेऊ शकत नाही. घेतलंच तर 'ट्रेनी' म्हणून घेतं, आणि ते दिवस अनुभवात धरले जात नाहीत.

अर्ज भरण्याआधी नाव तपासा. दहावीच्या सनदेवर 'सुवर्णा', आधारवर 'स्वर्णा', नर्सिंगच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव अर्धवट, असं आपल्याकडे सर्रास असतं. आत्ता अर्ज करून दुरुस्त होतं. पाच वर्षांनी सरकारी भरतीच्या कागदपत्र तपासणीत हेच निघालं की धावपळ होते. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर राजपत्रातली प्रसिद्धी जपून ठेवा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या प्रशिक्षणाचे, तास भरावे लागतात, म्हणून पहिल्या कार्यशाळेपासूनचं प्रत्येक प्रमाणपत्र फाईलला लावत जा.

नांदेड, लातूर, धाराशिव या सीमेलगतच्या जिल्ह्यांतली बरीच मुलं बिदर, कलबुर्गी किंवा बेंगळुरूला शिकून येतात. त्यांची नोंदणी आधी कर्नाटकच्या कौन्सिलमध्ये होते. मग तिथलं ना-हरकत घेऊन महाराष्ट्रात परस्पर नोंदणी करावी लागते. याला वेळ लागतो. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की लगेच चौकशी सुरू करा, कॉलेजची फी थकलेली असेल तर मिटवून टाका. फीपायी कागद अडवून ठेवणारी कॉलेजं आहेत.

आणखी एक गोष्ट, मनाला लागणारी आहे पण सांगितलीच पाहिजे. गावोगाव सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग'चे कोर्स चालतात. त्यांवर कौन्सिलची नोंदणी होत नाही. धाकट्या बहिणीला कुणी अशा ठिकाणी पाठवत असेल तर पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव भारतीय नर्सिंग परिषदेच्या आणि राज्य कौन्सिलच्या यादीत आहे का ते बघा.

पायरी दुसरी: फाईल

दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि सनद, नर्सिंगच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, पास झाल्याचं प्रमाणपत्र, रजिस्ट्रेशन, टीसी, आधार, पॅन, बँक पासबुक, सहा-आठ फोटो. सरकारी भरतीसाठी यात अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल त्यांना नॉन क्रिमिलेअर, आणि एमएस-सीआयटी यांची भर पडते. जात वैधतेला महिनोन्महिने जातात. जाहिरात निघाल्यावर अर्ज करून ती वेळेत मिळत नाही, हे गृहीतच धरा.

सगळ्याचे स्कॅन मोबाइलमध्ये आणि ईमेलवर, झेरॉक्सचे तीन संच घरी. आणि मूळ कागद कुणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत.

हे मी अनुभवातून सांगते. माझ्या पहिल्या रुग्णालयाने 'पडताळणीसाठी' म्हणून माझं रजिस्ट्रेशन आणि जीएनएमचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं. पोचपावती मागायची असते हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. आठ महिन्यांनी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या भरतीत माझं नाव तात्पुरत्या यादीत लागलं आणि मूळ कागद घेऊन यायला दोन दिवसांची मुदत मिळाली. ऑफिसात गेले तर उत्तर आलं, "साहेब पुण्याला गेलेत, कपाटाची चावी त्यांच्याकडे आहे." साहेब तिसऱ्या दिवशी आले. तोवर माझ्या जागी प्रतीक्षा यादीतली मुलगी रुजू झाली होती. त्या संध्याकाळी बसस्टँडवर बसून किती रडले, ते आजही आठवतं. म्हणून माझ्यासमोर मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते: मूळ कागद दाखवायचे, समोरच्याला तपासू द्यायचे आणि तिथल्या तिथे परत फाईलला लावायचे. झेरॉक्सवर सही करून द्या, हव्या तेवढ्या द्या.

पायरी तिसरी: खाटा मोजा

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरला एका रस्त्यावर डझनभर रुग्णालयांच्या पाट्या दिसतात. बाहेरून सगळी सारखीच वाटतात. नवीन नर्सने मात्र तीन गोष्टी बघायच्या: खाटा किती, चोवीस तास कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) आणि आयसीयू आहे का, आणि शिकवणारी सीनियर सिस्टर पाळीला असते का.

खाटांचा आकडा का, तर पुढचे दरवाजे त्यावर उघडतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बी.एस्सी. झालेल्यांना ही अट नाही. आता समजा, तुम्ही जीएनएम आहात आणि तालुक्याच्या गावी १५ खाटांच्या प्रसूतिगृहात तीन वर्षं जीव तोडून काम केलंत. डिलिव्हरी तुम्हाला डोळे झाकून जमेल. पण नॉरसेटच्या हिशेबात ती तीन वर्षं शून्य. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

संभाजीनगरात एमजीएम, कमलनयन बजाज, डॉ. हेडगेवार, धूत अशी मोठी रुग्णालयं आहेत. लातूरला विवेकानंद रुग्णालय आहे, एमआयएमएसआरचं महाविद्यालयीन रुग्णालय आहे. नांदेडला सुपरस्पेशालिटीची गर्दी वाढतेच आहे. यादी करताना एनएबीएच हे रुग्णालयाच्या दर्जाचं मानांकन आहे का ते विचारा. मानांकन असलं की रुग्णालयाला नव्या स्टाफचं रजिस्ट्रेशन तपासावं लागतं, सुरुवातीचं प्रशिक्षण द्यावं लागतं, औषधाच्या चुकांची नोंद ठेवावी लागते. नवख्या माणसाला याचा मोठा आधार असतो.

वॉर्ड निवडायला मिळालाच तर? सगळ्यांना आयसीयू हवं असतं. माझं मत थोडं वेगळं आहे: पहिले सहा महिने जनरल मेडिसिन किंवा कॅज्युअल्टी, मग आयसीयू. आपल्या भागातली कॅज्युअल्टी म्हणजे वेगळीच शाळा आहे. पावसाळ्यात सर्पदंश, एप्रिल-मेमध्ये उष्माघात, आणि वर्षभर, लिहितानाही हात जड होतो, कीटकनाशक प्यायलेले शेतकरी. माझी पहिली नाईट अशाच एका पेशंटबरोबर गेली. कपड्यांना फवारणीच्या औषधाचा उग्र वास, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सीनियर सिस्टरने आधी कपडे काढून अंग साबणाने धुवायला लावलं, तेही स्वतःच्या हातात ग्लोव्ह्ज घालून, कारण विष कातडीतूनही जातं. मग विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू झालं आणि तिने माझ्या हातात कागद दिला: दर दहा मिनिटांनी नाडी, बाहुली, छातीतला आवाज, तोंडातला ओलावा, लिहीत राहा. पहाटे चारला छाती कोरडी झाली. वाचला तो. त्या एका रात्रीत चार्ट कशासाठी भरायचा ते मला जेवढं कळलं, तेवढं तीन वर्षांच्या वर्गात कळलं नव्हतं.

पुण्या-मुंबईला जावं का, हे प्रत्येक जण विचारतो. पगार तिकडे जास्त आहे. खोलीचं भाडं, मेस आणि महिन्याकाठी एकदा नांदेड किंवा लातूरच्या गाडीचं तिकीट वजा करा आणि मग आकडे शेजारी-शेजारी मांडा. हॉस्टेल देणारं मोठं रुग्णालय असेल तर जरूर जा. नसेल तर पहिलं वर्ष इकडे काढून, हात बसवून गेलेलं बरं, असं मला वाटतं.

पायरी चौथी: अर्ज

बायोडाटा एक पानी. वर नाव, मोबाइल, रजिस्ट्रेशन नंबर. मग शिक्षण, मग शिकत असताना कोणत्या रुग्णालयात कोणत्या वॉर्डात पोस्टिंग केलं आणि तिथे स्वतःच्या हाताने काय केलं. 'मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर' हे सगळेच लिहितात आणि आम्ही कुणीच वाचत नाही. त्याऐवजी 'संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात प्रसूती कक्षात आठ आठवडे, २० नॉर्मल डिलिव्हरींत सहभाग, केसबुक सोबत' असं जे खरं असेल ते लिहा.

तो घेऊन स्वतः जा. व्हॉट्सॲप ग्रुपवर जागांच्या जाहिराती येतात, वर्तमानपत्रातही येतात, पण आपल्याकडे अजूनही निम्मं काम मेट्रनच्या टेबलावर होतं. सकाळचा राउंड संपल्यावर, अकरा ते एकच्या दरम्यान गाठा. रिसेप्शनवर फाईल ठेवून निघू नका, "मेट्रन मॅडमना दोन मिनिटं भेटायचंय" म्हणा. तुमच्या आधीच्या बॅचच्या सीनियर कुठे लागल्यात ते शोधा आणि त्यांना फोन करा. रोस्टर कसं असतं, सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर तिथूनच मागे फिरा. रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, गणवेशाचे आगाऊ पैसे, नाव काहीही असो. सरकारी भरतीत तर अर्जाचं शुल्क सोडून एक रुपयाही कुणाला द्यायचा नसतो. शेत गहाण टाकून एजंटला पैसे दिलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाही मुलीला त्या एजंटाने ऑर्डर आणून दिली नाही.

पायरी पाचवी: मुलाखत

मी मुलाखतीला ट्रेमध्ये दोन इन्सुलिन सिरिंज ठेवते. एक लाल टोपणाची, एक नारिंगी. आणि एक व्हायल. "दहा युनिट भर," म्हणते.

लाल टोपणाची सिरिंज ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या इन्सुलिनसाठी असते, नारिंगी १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. १०० ची व्हायल लाल सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढली तर पेशंटला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. अडीचपट. रात्री दोन वाजता साखर खाली येऊन तो घामाघूम होतो आणि कुणाला कारण कळत नाही. मी बघते ते एवढंच: मुलगी आधी व्हायलवरचं लेबल वाचते का? वाचून दोन्ही सिरिंज फिरवून बघते का? जिने लेबल वाचलं तिला मी बाकीचे प्रश्न थोडे कमीच विचारते.

इतर प्रश्न ठरलेले असतात, तयारी करून जा. सलाईनचे थेंब: ५०० मिली आठ तासांत द्यायचंय, सेट मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हे कागदावर मांडून दाखवा, तोंडी अंदाज सांगू नका. सीपीआर: मोठ्या माणसाला ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. जैववैद्यकीय कचरा: पिवळ्यात ड्रेसिंगचा कापूस आणि बाळंतपणातली वार, लालमध्ये आयव्ही सेट आणि कॅथेटरसारखं प्लास्टिक, पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. पोटॅशियम क्लोराइड सरळ शिरेतून एकदम का देत नाहीत? रक्त चढवताना थंडी वाजली तर पहिलं काय कराल? (आधी रक्त बंद करायचं, शीर नॉर्मल सलाईनवर चालू ठेवायची, मग डॉक्टरांना फोन.) सर्पदंशावरचं प्रतिविष (एएसव्ही) सुरू करताना बाजूला काय भरून ठेवाल? आपल्या भागात ॲड्रिनालिन हे उत्तर यायलाच हवं.

येत नसेल ते येत नाही म्हणा. मागच्या भरतीत एका मुलीला विचारलं, "पुरुष पेशंटला कॅथेटर टाकलंय का?" ती म्हणाली, "एकटीने नाही टाकलं मॅडम. ब्रदरना दोनदा मदत केलीय. सामान कोणत्या क्रमाने लावायचं ते सांगू का?" आणि तिने सांगितलं, निर्जंतुक ग्लोव्ह्जपासून युरोबॅग पलंगाच्या खालच्या बाजूला अडकवण्यापर्यंत. तिला त्याच दिवशी घेतलं. तिच्या आधी आलेल्या एकाने "सगळं येतं" सांगितलं होतं, आणि टूर्निकेट, म्हणजे शीर फुगवायचा पट्टा, मनगटाच्या खाली बांधून दाखवला.

इंग्रजीची भीती बाळगू नका. रिपोर्ट वाचता यावा, औषधाचं नाव अचूक लिहिता यावं, हँडओव्हर चार वाक्यांत देता यावा, एवढं पुरतं. उलट मराठीइतकीच हिंदी-उर्दू जमणारी सिस्टर संभाजीनगर किंवा नांदेडच्या वॉर्डात फार मोलाची असते. देगलूर-बिलोलीकडची तेलुगू, उमरगा-उदगीरकडची कानडी येत असेल तर बायोडाटात आवर्जून लिहा. रात्री घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईशी तिच्या भाषेत बोलणारी नर्स मिळणं म्हणजे काय, ते तिच्या घरच्यांना विचारा.

पायरी सहावी: सही करण्याआधी

"उद्यापासून या" हे ऐकलं की आनंदाने घरी फोन जातो. तो करा, पण त्याच दिवशी नेमणूक पत्र मागा. त्यावर पद 'स्टाफ नर्स' असं लिहिलेलं हवं, रुजू तारीख हवी, पगार हवा, ड्युटीचे तास हवेत, किती दिवसांची नोटीस ते हवं.

पगाराबद्दल स्पष्ट बोलू या. आपल्याकडे छोट्या रुग्णालयांत नव्या स्टाफला अजूनही लाज वाटावी असे आकडे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने खाजगी नर्सच्या पगाराची पातळी सुचवली होती. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, १०० पेक्षा जास्त असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्या रुग्णालयातही महिन्याला २० हजारांपेक्षा कमी नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि ती व्हावी तशी झाली नाही, याचा मला संताप आहे. तरी हा आकडा माहीत असू द्या. पगार बोलताना मान खाली घालून "तुम्ही द्याल तो" म्हणू नका. "सहा महिन्यांनी वाढ किती, ते पत्रात लिहून द्याल का?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हातात किती येणार आणि कापून काय जाणार तेही विचारा. पीएफला तुमचे १२ टक्के जातात आणि तेवढीच भर रुग्णालय घालतं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचे (कर्मचारी विम्याचे) पाऊण टक्का कापले जातात आणि तुमच्यासकट घरच्यांच्या उपचाराची सोय होते. काही मुली म्हणतात, "पीएफ नको, हातात जास्त द्या." असं करू नका. उद्या रुग्णालयाने अनुभवाचं पत्र अडवलं तर पीएफ खात्यात महिन्यागणिक पडलेल्या नोंदी तुमच्या बाजूने बोलतात. पगारही रोख घेऊ नका, बँकेतच घ्या. कारण तेच.

बाँड म्हणून एक-दोन वर्षांचा कागद पुढे आला तर घरी आणून वाचा. कोरा स्टँप पेपर किंवा कोरा चेक मागितला तर सही करू नका, मग नोकरी जाऊ दे. मला ठाऊक आहे की हे लिहायला सोपं आहे. घरी हप्ता थकलेला असताना, बापाने कॉलेजच्या फीसाठी बैलजोडी विकलेली असताना समोरची नोकरी सोडायला छाती लागते. तरीही सांगते, कोरा चेक देऊन मिळवलेली नोकरी गळफासच असतो.

मुलींनी आणि मुलींच्या घरच्यांनी आणखी बघायचं ते असं: इव्हिनिंग ड्युटी रात्री आठला संपते, हँडओव्हर धरून निघेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. हॉस्टेल आहे का, आवारात आहे का, नसेल तर गाडी सोडते का? कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्याने हवीच. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का ते राउंड मारताना बघून घ्या.

पायरी सातवी: सरकारी वाट सोडू नका

खाजगीत लागलात तरी सरकारी अर्ज चालू ठेवा. राज्यातल्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून, भत्ते वेगळे. घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ अशा महाविद्यालयीन रुग्णालयांच्या जागा वैद्यकीय शिक्षण विभाग भरतो. जिल्हा रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभाग भरतो. एएनएम (जीएनएमच्या खालचा नर्सिंगचा कोर्स) झालेल्यांसाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेच्या जागा असतात. अलीकडे परभणी, धाराशिव, जालना, हिंगोली इथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. म्हणजे आपल्या घराजवळ जागा वाढणार आहेत.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांची जाहिरात जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येते. निवड बहुतेक वेळा गुणांवर होते आणि त्यात अनुभवाच्या वर्षांना गुण असतात. आता कळेल मी कागदाच्या मागे एवढी का लागले आहे. बी.एस्सी. झालेल्यांनी समुदाय आरोग्य अधिकारी या पदाकडेही लक्ष ठेवावं. गावातल्या उपकेंद्रावर तुम्ही स्वतः प्रमुख असता.

परीक्षेचा अभ्यास नाईटनंतर होत नाही, झोप येते. इव्हिनिंगच्या आठवड्यात सकाळी दोन तास धरा. चार मैत्रिणींनी मिळून केला तर टिकतो.

पायरी आठवी: पहिले तीन महिने

खिशात छोटी वही ठेवा. प्रत्येक डॉक्टरांची ऑर्डर लिहिण्याची पद्धत, क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीच्या) कोणत्या खणात काय, लॅबचा आणि ब्लड बँकेचा नंबर. तोंडी ऑर्डर आली तर परत वाचून दाखवा, मग द्या, मग लिहा. मावशी आणि मामांशी नीट वागा. वॉर्ड खरा त्यांना माहीत असतो, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं हे मला एका मावशींनीच शिकवलं. चूक झाली तर लपवू नका. दहा मिनिटांत सांगितलेल्या चुकीवर उपाय करता येतो, सकाळी सापडलेल्या चुकीवर करता येईलच असं नाही.

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तीन डोस लागतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. सुईला परत टोपण लावायचं नाही, कधीच नाही. तरी टोचलीच तर हात वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, लगेच इनचार्जला सांगा आणि घटना रजिस्टरला लिहायला लावा. पेशंटची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी होते आणि गरज असेल तर तुम्हाला औषध सुरू होतं. ते जमलं तर दोन तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवं. ओरडा बसेल म्हणून गप्प राहिलेली एक मुलगी मला माहीत आहे. सुदैवाने तिचे रिपोर्ट चांगले आले, पण तीन महिने तिला झोप नव्हती. एवढं कुणी सोसू नये.

पहिल्या महिन्यात रडू येतं. सगळ्यांना येतं. लिननच्या खोलीत जाऊन रडा, तोंड धुवा, परत या. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी व्हेनफ्लॉन (सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी) पहिल्या प्रयत्नात जाऊ लागतं आणि पेशंट "त्याच सिस्टरना बोलवा" म्हणू लागतात.

नोकरी सोडायची वेळ आली की नोटीस लेखी द्या आणि पोच घ्या. अनुभवाचं पत्र हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा. लेटरहेड आहे का, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक आणि खाटांची संख्या लिहिली आहे का, पद 'स्टाफ नर्स' आहे का, 'पासून-पर्यंत' दोन्ही तारखा पूर्ण आहेत का, वॉर्डाचं नाव, जावक क्रमांक, सही, शिक्का. एखादी गोष्ट राहिली असेल तर टेबलापासून न हलता दुरुस्त करून घ्या, आणि बाहेर पडल्यावर पहिल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या पाच प्रती काढा.